अळीला भोक पाडता येत नाही

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यात धानाची रोवणी सुरू झाली की पाय दिवसभर चिखलात राहतात आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्यांची फारशी फिकीर कोणी करत नाही. पण गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत हत्तीरोग आहे. तो झालेल्या पायाला चिखल्या महागात पडतात.

कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा. कवेलूंच्या छपरासारखे एकावर एक पंधरा-वीस थर, आणि फटींत स्निग्ध पदार्थ भरलेला. जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास, तरी हत्तीरोगाच्या अळीला ती भेदता येत नाही! डास चावताना अळी त्याच्या सोंडेवरून कातडीवर उतरते आणि त्यानं पाडलेल्या भोकातूनच आत शिरते.

हे उमगायला वेळ लागला. १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय इथे पॅट्रिक मॅन्सन यांनी आपल्या माळ्याच्या रक्तावर डास पोसले आणि त्यांच्या अंगात कृमी वाढताना पाहिले. पुढचा तर्क मात्र चुकला: डास पाण्यात मरतो आणि ते पाणी माणूस पितो! ऑस्ट्रेलियातून टॉमस बँक्रॉफ्ट यांनी लंडनला डास पाठवले आणि १९०० मध्ये जॉर्ज लो यांना त्यांच्या सोंडेत अळ्या सापडल्या. कृमीच्या शास्त्रीय नावातले बँक्रॉफ्ट मात्र टॉमसचे वडील, जोसेफ. टॉमसचं नाव आज किती जणांना माहीत आहे?

आत शिरलेल्या अळ्यांचे कृमी होतात, ते लसीकावाहिन्यांत ठाण मांडतात, निचरा बिघडतो, पाय सुजतो. त्यापुढे पाय जाड होत जातो तो बऱ्याच अंशी जिवाणूंमुळे, आणि ते शिरतात चिखल्यांच्या भेगांतून. मग थंडीताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो. अशा प्रत्येक दुखण्यानंतर सूज थोडी वाढलेलीच राहते.

‘इम्युनिटी’ वाढवणारी एकही बाटली ही भेग बुजवत नाही. हत्तीरोगाविरुद्धच्या मोहिमेतल्या गोळ्या घ्यायलाच हव्यात, कारण त्या रक्तातले सूक्ष्म कृमी मारून प्रसार रोखतात; पण जाड झालेला पाय त्यांनी पूर्ववत होत नाही. त्याला रोज साबण-पाणी लागतं, बोटांची बेचकी कोरडी ठेवावी लागते आणि चिखल्यांवर बुरशीनाशक मलम लावावं लागतं. म्हणूनच सरकारी कार्यक्रमात रुग्णांना टब, मग, साबण, टॉवेल असा संच देतात. त्यातला टॉवेल मला सर्वांत शास्त्रीय वाटतो: ओल गेली की बुरशीचं फावत नाही.