पीएमपीचा 'तोटा' आणि पुणेकरांची तब्येत

महापालिकेच्या अंदाजपत्रकाचे दिवस आले की पुण्यात एक बातमी ठरलेली असते. पीएमपीची संचलन तूट यंदा किती झाली आणि ती कोणी किती भरायची, ही ती बातमी. तिकिटांतून मिळणारे पैसे आणि बस चालवण्याचा खर्च यांतला फरक पुणे महापालिकेने ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेने ४० टक्के भरायचा, अशी वाटणी आहे. बातमीत शब्द असतो 'तोटा'. तो वाचला की एवढे पैसे बुडाले, असेच कोणालाही वाटते.

पण या पैशाच्या बदल्यात शहराला काय मिळते, याचा हिशेब परिवहन खात्याच्या ताळेबंदात पूर्णपणे सापडत नाही. त्यातला मोठा भाग मधुमेहाच्या, हृदयविकाराच्या, दम्याच्या आणि अस्थिरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात सापडतो. बस आणि तब्येत यांचा संबंध वैद्यकशास्त्राला सत्तर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे.

लंडनच्या बसमधला धडा

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये हृदयविकाराचे झटके वाढत होते आणि कारण कळत नव्हते. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या परिवहन सेवेतील ३५ ते ६४ वयोगटातल्या सुमारे ३१ हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. बस दुमजली होत्या. चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे फाडत जिन्यावरून वर-खाली करत असे. एका पाळीत त्याच्या पाचशे ते साडेसातशे पायऱ्या होत. दोघांची गाडी एक, मालक एक, राहणीमानही साधारण सारखे. तरीही वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि झाला तरी तो उशिरा व सौम्य स्वरूपाचा होता. हे निष्कर्ष १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

मॉरिस तेवढ्यावर थांबले नाहीत. चालक मुळातच जाड असतील तर, अशी शंका घेऊन त्यांनी गणवेशांची मापे काढली. चालकांच्या कमरेचा घेर खरोखरच जास्त निघाला आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे मांडले. पण चालत टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला. पुढच्या असंख्य अभ्यासांनी मूळ मुद्दा पक्का केला. रोजच्या कामाच्या ओघात होणारी हालचाल हृदयाचे रक्षण करते, त्यासाठी व्यायामशाळाच हवी असे नाही.

थांब्यापर्यंतची पायपीट

आजचा पुणेकर या गोष्टीत कुठे बसतो? दुचाकी घराच्या दारातून निघते आणि कचेरीच्या दारात थांबते. दिवसाची पावले वाहनतळापासून लिफ्टपर्यंत, एवढीच. बसने किंवा मेट्रोने जाणाऱ्याला मात्र दोन्ही टोकांना चालावेच लागते. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत सार्वजनिक वाहतूक वापरणारे लोक थांब्यापर्यंत आणि थांब्यापासून मिळून दिवसाला मध्यमान १९ मिनिटे चालतात, असे दिसले. आठवड्याचे सहा दिवस धरले तर ही ११४ मिनिटे होतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे तीन चतुर्थांश काम प्रवासातच उरकते.

अमेरिकेतल्याच शार्लट शहरात २००७ मध्ये हलकी रेल्वे सुरू झाली. तिच्या मार्गालगत राहणाऱ्यांची आधी आणि नंतर अशी पाहणी झाली. रोज रेल्वेने कामावर जाऊ लागलेल्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणातले वजन, इतरांच्या तुलनेत सरासरी १.१८ ने घटला. मध्यम उंचीच्या माणसात हे साधारण तीन किलो होतात. रेल्वे वापरणाऱ्यांची संख्या या अभ्यासात थोडी होती, त्यामुळे तीन किलोचा आकडा तंतोतंत धरू नये. दिशा मात्र मॉरिस यांच्या निष्कर्षाशी जुळणारी आहे.

यामागचे शरीरशास्त्र सोपे आहे. चालताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू रक्तातली साखर थेट उचलतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि १३ कोटींहून अधिक लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, असा जागतिक अंदाज आहे. त्यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. 'रोज चाला' हा सल्ला प्रत्येक डॉक्टर देतो, पण दिवसातून वेळ काढून चालणे थोड्यांनाच जमते. ज्याला बस पकडायची असते, तो न ठरवता चालतो.

धूर आणि धडक

दुसरा फायदा हवेचा. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढे. ते नाकात अडत नाहीत. फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात, तिथे दाह निर्माण करतात आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही इजा करतात. म्हणून प्रदूषणाने दमा बळावतो, तसेच हृदयविकार आणि पक्षाघातही वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. भारताचे मानक ४० आहे. सिग्नलला मोटारीच्या धुराड्यामागे उभा असलेला दुचाकीस्वार या धुराच्या अगदी जवळ असतो. पीएमपीच्या ताफ्यात आता प्रामुख्याने सीएनजीच्या आणि विजेच्या बस आहेत. विजेच्या बसला धुराडे नाही, पण टायर, ब्रेक आणि रस्त्यावरची धूळ उरतेच. त्यामुळे हवा सुधारायची तर बसचे इंधन बदलून भागत नाही, रस्त्यावरची एकूण वाहनेही कमी व्हावी लागतात.

तिसरा फायदा अपघातांचा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते आणि १९.५ टक्के पादचारी. बसमधल्या प्रवाशांचा वाटा त्या तुलनेत फारच थोडा. पुण्यात दुचाकी हेच मुख्य वाहन आहे, त्यामुळे डोक्याला मार लागलेला, मांडीचे हाड मोडलेला तरुण हा इथल्या आपत्कालीन विभागात रोजचाच रुग्ण आहे. त्याचे उपचार, बुडालेली नोकरी आणि कायमचे अपंगत्व हा खर्च कुठल्याच परिवहन अंदाजपत्रकात धरलेला नसतो.

पैसा कशाला मिळतो, कशाला नाही

सार्वजनिक वाहतुकीसाठी पुण्याला सरकारी पैसा मिळालेला नाही, असे मुळीच नाही. डिसेंबर २००६ मध्ये सातारा रस्ता आणि हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली. केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून या कामाला पैसा आला. पुण्याच्या आकाराच्या शहरांसाठी केंद्र ५० टक्के, राज्य २० टक्के आणि महापालिका ३० टक्के अशी तिची विभागणी होती. मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला डिसेंबर २०१६ मध्ये ११ हजार ४२० कोटींची मंजुरी मिळाली. केंद्र, राज्य आणि युरोपीय वित्तसंस्थांच्या कर्जातून ती उभी राहिली. मार्च २०२२ मध्ये पहिली गाडी धावली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती स्वारगेटला पोहोचली. जून २०२५ मध्ये चांदणी चौक आणि वाघोलीपर्यंतच्या विस्तारासाठी ३ हजार ६२६ कोटी मंजूर झाले. विजेच्या बससाठी केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत निवडलेल्या नऊ शहरांत पुणे आहे.

हा सारा पैसा मुख्यतः बांधण्यासाठी आणि खरेदीसाठी आहे. रोज बस चालवणे, थांबे नीट ठेवणे, मार्गिका मोकळ्या ठेवणे हा खर्च शहराच्या गळ्यात राहतो आणि तोच 'तोटा' म्हणून ओळखला जातो. त्याचे परिणाम डोळ्यांसमोर आहेत. नगर रस्त्यावरच्या बीआरटीचा काही भाग काढून टाकला गेला. केंद्राच्या निकषांनुसार चांगल्या सेवेसाठी दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस लागतात. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून सुमारे ४८ लाख लोक होते. तेवढ्यांसाठीच जवळपास २ हजार ९०० बस हव्यात. त्यानंतर लोकसंख्या वाढली आणि महापालिकेत ३४ गावे आली, पीएमपीचा ताफा मात्र दोन हजारांच्या आसपासच राहिला.

१ जून २०२५ पासून पीएमपीचे भाडे वाढले. दोन्ही महापालिका हद्दींतला मासिक पास ९०० वरून १५०० रुपये झाला. रोज जाऊन-येऊन वीस किलोमीटर जाणाऱ्याचा हिशेब मांडून पाहू. महिन्याचे २६ दिवस म्हणजे ५२० किलोमीटर. लिटरला ४५ ते ५० किलोमीटर धावणाऱ्या दुचाकीला साधारण ११ लिटर पेट्रोल लागते, म्हणजे अकराशे-साडेअकराशे रुपये. दारात गाडी उभी असेल तर तो पास कशाला काढेल? भाडेवाढीने तूट थोडी भरून निघत असेलही, पण जो प्रवासी दुचाकीकडे वळला, त्याची रोजची १९ मिनिटे गेली, अपघाताचा धोका वाढला आणि रस्त्यावर धूरही वाढला. ज्याच्याकडे दुचाकी नाही, त्याच्यावर परिणाम वेगळा होतो. सरकारी रुग्णालयात औषध मोफत मिळते, बसचे तिकीट मिळत नाही. दर महिन्याला तपासणीला यायचे असेल तर भाडे हा उपचाराच्या खर्चाचाच भाग असतो, आणि तो डोईजड झाला की पहिल्यांदा चुकते ती तपासणी.

राज्यकर्त्यांना हे समजत नाही असे नाही. केंद्राच्या २०२३ च्या पीएम ई-बस सेवा योजनेत बस चालवण्यासाठी दहा वर्षे मदत देण्याची तरतूद आहे. चालवण्याच्या खर्चालाही सरकारी पैसा देता येतो, हे तत्त्व त्यातून मान्य झाले आहे. तेच तत्त्व मोठ्या शहरांतल्या सध्याच्या बसनाही लागू करता येईल.

शेवटचे पाचशे मीटर

मेट्रो कितीही चकाचक असली तरी स्थानकापासून घरापर्यंतचे पाचशे मीटर माणसाला चालताच येत नसतील, तर आरोग्याचा लाभ हातचा जातो. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्यावरचा रुंद पदपथ आणि दर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर होणारा पादचारी दिन ही त्याची दिसणारी फळे. मात्र बहुतेक भागांत पदपथावर दुचाकी चढलेली असते किंवा फरशी उखडलेली असते. गुडघेदुखी असलेल्या साठीच्या बाईंसाठी उंच पायरीची बस आणि सावली नसलेला थांबा हे मोठेच अडथळे आहेत. मधुमेह्याला आणि गरोदर स्त्रीला लागते ते जवळचे स्वच्छतागृह. मेट्रोच्या तुलनेत या गोष्टींचा खर्च किरकोळ आहे.

वाचकांपुरते सांगायचे तर आठवड्यातून दोन दिवस गाडी घरी ठेवून सुरुवात करता येते. शक्य असेल तर एक थांबा आधी उतरावे. मेट्रोत उतरताना सरकता जिना टाळून पायऱ्या वापराव्यात. गुडघे दुखत असतील तर लिफ्टच बरी. दमा असलेल्यांनी वर्दळीच्या रस्त्याऐवजी आतल्या गल्लीतून थांबा गाठावा. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जवळ साखर ठेवावी. चालताना छातीत दडपण आले किंवा धाप लागली तर थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आणि पुढच्या अंदाजपत्रकात पीएमपीची तूट वाचनात आली, तर आपल्या नगरसेवकाला एवढे विचारावे की त्या पैशातून किती बस वाढणार आहेत, आणि त्यांच्या थांब्यापर्यंत जायला पदपथ आहे का.