धुक्यातले अंतर

पावसाळा आला की इगतपुरीच्या धुक्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकू लागतात. पर्यटकांना हे धुके हवेहवेसे वाटते. कसारा घाटातून ट्रक नेणाऱ्या चालकाला मात्र ते नको असते. त्याला समोर दोन तांबडे दिवे अंधुक दिसतात. ते २० मीटरवर आहेत की ६० मीटरवर, हे त्याच्या डोळ्यांना ठरवता येत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंतच एवढे अंतर संपलेले असते. म्हणून समोर काही आहे, एवढे कळून भागत नाही. ते किती दूर आहे, हे कळावे लागते.

मी कवितेचा माणूस. 'अंतर' या मराठी शब्दाचे मला नेहमी अप्रूप वाटत आले आहे. घरातल्या उर्दूत आम्ही 'फासला' म्हणतो, पण त्याला 'अंतःकरण' हा दुसरा अर्थ नाही. रडारच्या वाट्याला मात्र या शब्दाचा पहिलाच अर्थ आलेला आहे, आणि तोही काही कमी अवघड नाही.

रडारच्या जन्मकथेतही धुकेच आहे. मे १९०४ मध्ये क्रिस्टियान ह्युल्समायर या जर्मन माणसाने कलोन शहरात ऱ्हाइन नदीवर एक यंत्र दाखवले. रेडिओलहरी समोरच्या जहाजावर आपटून परत आल्या की घंटा वाजे. धुक्यात जहाजांची टक्कर टळावी, हा त्याचा हेतू होता. पण त्या घंटेवरून जहाज आहे एवढेच कळे. ते किती दूर आहे, हे लहरींवरून थेट मोजण्याची सोय त्यात नव्हती.

अंतर मोजण्याचे तत्त्व तसे सोपे आहे. घाटातल्या कड्यासमोर उभे राहून हाक मारा. प्रतिध्वनी एका सेकंदाने आला, तर कडा सुमारे १७० मीटरवर आहे, कारण आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो आणि त्याला जाऊन परत यायचे असते. रडारची हाक रेडिओलहरींची असते, आणि त्या सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात. १५० मीटरवरच्या ट्रकाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात परत येतो. १५ सेंटीमीटरचा फरक ओळखायचा, तर सेकंदाचा अब्जावा भाग मोजावा लागतो. मोटारीत बसवायच्या स्वस्त, लहान उपकरणाने हे कसे साधायचे?

यावरची युक्ती गाणे जाणणाऱ्याला चटकन कळेल. मोटारीतले रडार तुटक हाका मारत नाही, ते एक चढती तान घेते. लहरीची कंपनसंख्या ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास सारखी वर सरकत राहते. प्रतिध्वनी परत येतो तेव्हा गायक पुढच्या सुरावर पोचलेला असतो. दोन सुरांतला हा फरक जितका जास्त, तितकी वस्तू दूर. म्हणजे वेळ मोजण्याऐवजी सुरांतला फरक मोजायचा, आणि ते काम पुष्कळ सोपे आहे.

आता अचूकतेकडे वळू. पहिली गोष्ट तानेच्या पल्ल्याची. तान २०० मेगाहर्ट्झ एवढीच चढली, तर ७५ सेंटीमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन वस्तू रडारला एकच वाटतात. १ गिगाहर्ट्झ चढली तर १५ सेंटीमीटर, आणि ४ गिगाहर्ट्झ चढली तर चार सेंटीमीटरच्याही आतली फट दिसते. ट्रकच्या अगदी मागे चाललेली मोटारसायकल वेगळी ओळखायची, तर हा पल्ला हवाच.

दुसरी गोष्ट, तान सरळ चढली पाहिजे. सूर कुठे रेंगाळला की अंतर चुकते. उष्णतेनेही फरक पडतो. म्हणून मोजलेल्या अंतरावर खोलीच्या कोपऱ्यासारखे जोडलेले तीन धातूचे पत्रे ठेवून रडार तपासून घेतात.

तिसरी गोष्ट वेगाची. स्टेशनात येणाऱ्या गाडीची शिटी चढ्या सुरात ऐकू येते आणि गाडी पुढे गेली की उतरते. तसेच, जवळ येणाऱ्या वाहनाचा प्रतिध्वनी मुळातच चढा असतो. त्यामुळे चढत्या तानेत वाहन आहे त्यापेक्षा जवळ भासते आणि उतरत्या तानेत दूर. आरोह आणि अवरोह दोन्ही घेऊन सरासरी काढली की खरे अंतर मिळते, आणि फरकातून वेगही कळतो. हल्ली त्याऐवजी अतिशय जलद तानांची माळ सोडतात, म्हणजे ही चूक मुळातच नगण्य होते.

चौथी गोष्ट गणिताची. संगणक अंतराचे रकाने पाडतो. प्रतिध्वनी दोन रकान्यांच्या मध्ये पडला, तर दोन्हींकडचा जोर तोलून नेमकी जागा काढतात. शिंप्याने टेपवरच्या दोन खुणांमधले माप नजरेने घ्यावे, तसेच हे. शिवाय एकाच मोजणीवर विसंबत नाहीत. वाहन आता कुठे असायला हवे, याचा अंदाज आणि प्रत्यक्ष मोजणी यांचा मेळ घालण्याची रीत रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये मांडली. ती इथेही उपयोगी पडते.

धुक्याचे रडारला काही वाटत नाही. त्याच्या लहरीची लांबी सुमारे चार मिलिमीटर असते आणि धुक्याचे कण त्या मानाने फारच बारीक. पावसाचे थेंब मात्र मिलिमीटरच्या मापाचे. ते लहर विखुरतात आणि प्रतिध्वनी क्षीण करतात.

बोगद्याची अडचण निराळी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यावर पावणेआठ किलोमीटरच्या आसपास लांबीचा जुळा बोगदा आहे. अशा बोगद्यात लहर भिंतीवर आपटून वळणाने परतते आणि एका ट्रकचे दोन ट्रक दिसू लागतात. दुसरा भिंतीपलीकडे, जिथे रस्ताच नाही तिथे. असली भुते ओळखून गाळावी लागतात.

चाकणला तयार झालेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० या गाडीत २०२१ मध्ये रडार आले. तेव्हापासून हे यंत्र आपल्या रस्त्यांवर चांगलेच रुळले आहे. पण त्याची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. रस्त्यावरचे फलक, पूल, कठडे यांचेही प्रतिध्वनी येतात. दर वेळी ब्रेक लागू नये म्हणून काही यंत्रणा वेगात असताना स्थिर वस्तूंकडे काणाडोळा करतात. आणि घाटात धोका असतो तो नेमका बंद पडून उभ्या असलेल्या ट्रकचा! अंतर सेंटीमीटरपर्यंत बरोबर निघेल, पण ती वस्तू डोक्यावरची कमान आहे की वाटेतला ट्रक, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी उंचीही मोजणारी रडार आणि जोडीला कॅमेरा लागतो.

धुक्यात कॅमेऱ्याची नजर आपल्यासारखीच अधू होते. म्हणून बंद पडलेल्या ट्रकमागे लाल त्रिकोण ठेवणे, मागचे दिवे चालू राखणे आणि वेग कमी करणे या जुन्या गोष्टी सुटत नाहीत. रडार अंतर मोजून देते. ते राखण्याचे काम चालकाचेच आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)