गडगा म्हणजे दगडांचा ढीग नव्हे

पावसाळा सरला आणि बागेचा गडगा (नुसते दगड रचून केलेली भिंत) कुठे ढासळलेला दिसला, की कोकणात हमखास ऐकू येतं, ‘आता एकदाचं सिमेंटचं कंपाउंड घालून टाकू.’ चुना-सिमेंट नाही म्हणजे भिंत कच्ची, हा त्यामागचा समज.

गडगा उभा राहतो तो दगडाच्या वजनावर आणि रचणाऱ्याच्या नजरेवर. पाया रुंद, माथा अरुंद. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड बसलाच पाहिजे. दोन्ही बाजू बांधून ठेवायला मधूनमधून लांब आडवा दगड, आणि पोटात चिपांची भर. जाणता गडी जांभ्याचा दगड हातात फिरवून त्याचं तोंड ठरवतो, बसवतो, दाबून बघतो. हलला तर खाली चीप सारतो. उतारावर भिंतीमागे पाणी तुंबलं तर सिमेंटची भिंत फुगते, तडकते, म्हणून तिला मुद्दाम भोकं ठेवावी लागतात. गडग्यातून पाणी झिरपून जातं, माती बरीचशी मागे राहते. पडलाच, तर तेच दगड पुन्हा रचता येतात. सिमेंटच्या भिंतीचा मात्र राडारोडाच होतो.

गडग्यात साप असतात, हेही नेहमीचं. ही भीती खोटी नाही. फुरसं दगडांच्या फटीत दडतं. तिथे उघडा हात घालू नये आणि दंश झालाच तर थेट दवाखाना गाठावा. पण त्याच फटींत सापसुरळ्या, पाली, बेडूक आणि कोळी राहतात, उंदरांमागे धामण येते. पावसात त्याच दगडांवर शेवाळ आणि नेचे उगवतात.

मात्र नव्या गडग्यासाठी सड्यावरचे, म्हणजे कातळपठारावरचे, सुटे दगड सरसकट उचलू नयेत. त्यांच्याखालीही जीव राहतात.

‘हे अडाण्याचं काम’ हा समज मला सगळ्यांत जास्त खुपतो. क्रोएशिया, ग्रीस, इटली, स्पेनसह ८ युरोपीय देशांतली अशीच कोरडी दगडरचना युनेस्कोने २०१८ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. २०२४ मध्ये आयर्लंडसह आणखी ५ देश त्यात आले. आपल्याकडे ही विद्या म्हाताऱ्या हातांत उरली आहे.

यंदा गडगा पडला, तर जेसीबीला फोन करण्याआधी गावातल्या जुन्या गड्याला बोलवा. त्याला पुरती मजुरी द्या आणि दगड द्यायला घरातलं एखादं तरुण पोर त्याच्या शेजारी उभं करा.