गब्बर सगळ्यांना व्हायचे आहे, इमामसाहेब कोणालाच नाही

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही सातवीच्या वर्गाला विचारले, 'शोले'तील प्रवेश बसवायचा तर कोण काय होणार? चौदा हात वर आले. अकरा मुलांना गब्बर व्हायचे होते, तिघांना जय किंवा वीरू. "इमामसाहेब कोण?" म्हटल्यावर सगळे हात खाली गेले.

घरी येऊन अब्बांना हे सांगितले. ते हसले. त्यांनी हा सिनेमा तरुणपणी अकोल्याला पाहिला होता. तेव्हा आपले वाशिम अकोला जिल्ह्यातच होते आणि मीटर गेजची छोटी गाडी धावत होती. अब्बा म्हणाले, "गब्बर सोपा आहे. आवाज चढवला की झाला. इमाम कठीण आहे, त्याला गप्प उभे राहता आले पाहिजे."

सिनेमा पाहावा की नाही, याबद्दल प्रत्येक घराचे आपले मत असते आणि ते आम्हाला मान्य आहे. 'शोले'तही नाचगाणे आहे, दारू आहे, मारामारी तर आहेच. पण आपली मुले मोबाईलवर त्याचे तुकडे पाहतातच. मग त्यातले मोलाचे काय आहे, हे मोठ्यांनी दाखवलेले बरे.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी हा चित्रपट आला. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात तो पाच वर्षे चालला. अमेरिकेत घोडेस्वार, बंदुका, दरोडेखोर आणि एकाकी गाव यांच्या चित्रपटांना 'वेस्टर्न' म्हणतात. सलीम-जावेद या लेखकजोडीने आणि दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी तो साचा आपल्या मातीत आणला. गावाने भाडोत्री लढवय्ये आणायचे, ही कल्पना मूळची जपानी, कुरोसावांच्या १९५४ च्या 'सेव्हन सामुराय'मधली. तिथून ती १९६० मध्ये अमेरिकेत 'द मॅग्निफिसंट सेव्हन' झाली आणि पुढे बंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरच्या रामनगरमच्या खडकांत 'रामगढ' होऊन वसली. छायाचित्रण द्वारका दिवेचांचे. फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, तोही संकलक एम. एस. शिंदे यांना. गब्बरसिंग झाला अमजद खान, इमामसाहेब झाले ए. के. हंगल आणि त्यांचा मुलगा अहमद झाला आपला सचिन पिळगावकर. कोणी कोणाची भूमिका करावी, याची तेव्हा कोणी विचारणा केली नाही.

परदेशी वेस्टर्नमध्ये गावकरी बहुधा मागे उभे असतात आणि निर्णय बंदूकवाले घेतात. 'शोले'त मात्र सर्वांत मोठा निर्णय एक आंधळा म्हातारा घेतो.

प्रसंग आठवा. इमामसाहेबांना एकच मुलगा. जबलपूरला बिडी कारखान्यात त्याच्यासाठी नोकरी आहे. अंध बापाला सोडून जायला तो तयार नाही, पण बाप आग्रहाने पाठवतो. वाटेत गब्बरची माणसे त्याला पकडतात. त्याला मारताना आपल्याला दाखवलेले नाही. गब्बर हातावर फिरणारी मुंगी चिरडतो आणि पुढच्या दृश्यात घोडा प्रेत घेऊन गावात येतो. सारे गाव मुके होते. काय झाले आहे, हे फक्त इमामसाहेबांना दिसत नाही. ते त्या शांततेचेच कारण विचारतात.

गावकरी म्हणतात, जय-वीरूला गब्बरच्या हवाली करा, म्हणजे आपण वाचू. ज्याने मुलगा गमावला तोच यावर नाही म्हणतो. जुलमापुढे मान टाकून जगण्यापेक्षा इज्जतीचे मरण बरे, असे तो सांगतो. बापाच्या खांद्यावर मुलाचा जनाजा, यापेक्षा जड ओझे नाही, हेही तोच सांगतो. इतक्यात अजान होते आणि तो मशिदीकडे वळतो.

हे सारे आम्हाला यंदा अधिक लागले, त्याला कारण आहे. आमच्या मोठ्या मुलाला पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली आहे. अब्बांना काचबिंदू आहे, आता माणसांच्या नुसत्या सावल्या दिसतात. फजरला त्यांचा हात धरून मशिदीत नेतो तो हाच नातू. त्याने पत्र कपाटात ठेवून दिले आणि "इथेच काही बघतो" म्हणाला. अम्मी खूश झाल्या. अब्बांनी त्याला जवळ बसवून सांगितले, "बेटा, माझ्या डोळ्यांसाठी थांबू नकोस. मला पायऱ्या मोजून पाठ आहेत."

आमच्या तोंडून निघून गेले, "अब्बा, त्या इमामसाहेबांनीही मुलाला असेच पाठवले होते."

अब्बा जरा थांबले. मग म्हणाले, "पाठवणाऱ्याने मारले नाही, मारणाऱ्याने मारले. त्या म्हाताऱ्याने हा फरक शेवटपर्यंत सोडला नाही. म्हणून तर त्याने त्या दोन पोरांनाही दोष दिला नाही."

सिनेमा इतक्या वेळा पाहूनही आम्हाला हे दिसले नव्हते. दुःखात माणूस जवळच्यावरच बोट रोखतो. सून घरात आली आणि असे झाले, शहरात पाठवले आणि असे झाले, अशी वाक्ये आपल्या घरांत किती ऐकू येतात! खरा गुन्हेगार दूर असतो, बलवान असतो, म्हणून राग दुबळ्यावर निघतो. रामगढच्या लोकांनी तेच केले असते. एका माणसाच्या सबरने त्यांना अडवले.

मुलगा पंधरा तारखेला पुण्याला गेला. दुसऱ्या दिवशी फजरला आम्ही उठलो तेव्हा अब्बा दारात काठी घेऊन उभे होते. शेजारच्या घरातला दहा वर्षांचा मुलगा डोळे चोळत त्यांच्यासाठी आला होता.

पालकांना एकच विनंती. मुले गब्बरची नक्कल करतील तेव्हा त्यांना दटावू नका, हसा. मग विचारा, "गाव गब्बरला घाबरून त्या दोघांना द्यायला निघाले होते. तू तिथे असतास तर काय म्हणाला असतास?" उत्तराची घाई करू नका.

आमच्या वर्गात गब्बर आता तीनच ठेवले आहेत, आळीपाळीने. इमामसाहेबांसाठी अजून कोणी पुढे आलेले नाही. तालीम सोमवारपासून आहे.