राजापूरचे प्राध्यापक

१९७१च्या मार्चमध्ये इंदिरा लाटेने विरोधकांचा धुव्वा उडवला, तेव्हा प्रजा समाजवादी पक्षाच्या पदरात अख्ख्या देशातून दोन जागा पडल्या. एक बंगालमधली, समर गुहांची. दुसरी कोकणातल्या राजापूरची. तिथले खासदार बॅरिस्टर नाथ पै त्याच जानेवारीत बेळगावला वारले होते. सलग तीनदा निवडून आलेला, सभा जिंकणारा, वेंगुर्ल्याचा माणूस. त्यांच्या जागी पक्षाने उभा केला तो सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा, जन्माने अहमदनगरचा एक प्राध्यापक. ना तो कोकणातला, ना नाथ पैंसारखा मोहिनी घालणारा. तरी मधु दंडवत्यांना राजापूरने १९७१ ते १९८९ या काळात ओळीने पाच वेळा लोकसभेत पाठवले. १९८४ला, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत, महाराष्ट्रातल्या ४८पैकी ४३ जागा काँग्रेसने नेल्या आणि जनता पक्षाचे देशभरात मिळून दहाच खासदार उरले. त्या दहांतही दंडवते होते.

ही वीस वर्षांची खासदारकी बहुतेक सगळी विरोधी बाकांवर गेली. मंत्रिपद दोनदाच मिळाले: १९७७ ते ७९ रेल्वे आणि १९८९-९०मध्ये अर्थ. दोन्ही मिळून जेमतेम सव्वातीन वर्षे. एवढ्या तुटपुंज्या सत्तेत एखादा माणूस काय करून जाऊ शकतो, हा दंडवत्यांच्या चरित्रातला मला सर्वांत रस असलेला भाग आहे. त्यांच्याविषयीच्या लेखांत साधेपणा, सचोटी, निष्ठा वगैरे ठरलेली विशेषणे येतात. ती खोटी नाहीत. पण नुसत्या साधेपणाने रेल्वेचा रूळ एक इंचही पुढे सरकत नाही.

आधीचे थोडक्यात सांगतो. जन्म २१ जानेवारी १९२४. तरुणपणी बेचाळीसच्या आंदोलनात उडी, पुढे समाजवादी पक्ष, १९५५चा गोवा सत्याग्रह, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. त्या पिढीच्या समाजवाद्यांचा ठरलेलाच रस्ता. वेगळे होते ते पोटापाण्याचे काम. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने काढलेल्या सिद्धार्थ कॉलेजात ते बरीच वर्षे शिकवत होते, विभागप्रमुखही होते. वर्गात फळ्यावर समीकरण सोडवताना एक पायरी गाळली तर मागच्या बाकावरचा मुलगा हटकतो. लोकसभेत दंडवते सरकारला तसेच हटकत. नियमावलीचे कलम, आधीच्या अध्यक्षांचे निर्णय, कौल-शकधरांचा संसदीय कामकाजावरचा जाडजूड ग्रंथ हे सगळे त्यांना तोंडपाठ. हरकतीचा मुद्दा मांडायला ते उठले की सत्ताधारी बाकांवर कागद चाळले जात.

आणीबाणी जाहीर झाली तेव्हा ते बंगळुरात होते. संसदीय समितीच्या बैठकीला वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्रही आलेले. चौघांनाही तिथेच उचलले. प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात, मधुराव बंगळुरूच्या, आणि मध्ये सेन्सॉरच्या नजरेखालून जाणारी पत्रे. प्रमिलाताईंना ‘दंडवत्यांच्या पत्नी’ म्हणून एका वाक्यात उरकायची आपल्याकडे खोड आहे. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकरांच्या बरोबरीने त्यांनी महागाईविरोधात मुंबईच्या बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणले होते. पुढे महिला दक्षता समिती उभी केली. १९८०ला मुंबईतून त्या स्वतः लोकसभेत गेल्या आणि हुंड्याचा कायदा कडक व्हावा म्हणून खासगी विधेयक मांडले. त्या लोकसभेत नवराबायको दोघेही खासदार होते. प्रमिलाताईंवर स्वतंत्र लेख व्हायला हवा. या लेखात तेवढी जागा नाही.

१९७७ला मोरारजींच्या मंत्रिमंडळात दंडवत्यांकडे रेल्वे आली. १९७४च्या मे महिन्यातला वीस दिवसांचा संप तेव्हा ताजा होता. त्यात बडतर्फ झालेले हजारो कामगार घरी बसले होते. त्यांना पुन्हा कामावर घेण्याचा निर्णय दंडवत्यांनी आल्याआल्या घेतला. यात राजकीय सोय होती हे खरे, कारण संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस त्याच मंत्रिमंडळात बसले होते. तरी बडतर्फीचा कागद फिरवायला मंत्र्याची सही लागते आणि ती झाली.

मग ते दोन इंच. तेव्हाचा दुसरा वर्ग म्हणजे नाव बदललेला तिसरा वर्ग. तिसऱ्या वर्गाची पाटी १९७४ला उतरली. डबा तोच राहिला. झोपायला उघडी लाकडी फळी. मुंबईहून कलकत्त्याला जाणारा माणूस दोन रात्री त्या फळीवर काढायचा. ज्याच्याकडे होल्डॉल असेल तो वळकटी पसरणार, नसेल तो चादरीची घडी कमरेखाली घेणार आणि पहाटे कूस बदलायला उठून बसणार. दंडवत्यांनी ठरवले की दुसऱ्या वर्गाच्या फळीवर दोन इंच जाडीचा फोम बसवायचा. पहिल्या वर्गाच्या सोयी काढून घेण्याचा समाजवादी उत्साह त्यांनी दाखवला नाही. खालचा वर्ग वर आणायचा, एवढेच. २६ डिसेंबर १९७७ला मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. एकाच वर्गाची गाडी, पहिला वर्ग नाहीच. हळूहळू फोम देशभरच्या गाड्यांत आला आणि तिथेच राहिला. पुढच्या कोणत्याही मंत्र्याची तो काढायची छाती झाली नाही. योजनेला नाव नव्हते, तिच्यावर मंत्र्याचा फोटो नव्हता. म्हणूनच आज त्या गादीवर झोपणाऱ्याला ती कोणी दिली हे ठाऊक नसते. आरक्षण संगणकावर न्यायची कल्पनाही त्याच काळातली. ती प्रत्यक्षात यायला ऐंशीच्या दशकाचा मध्य उजाडला.

कोकण रेल्वेचे स्वप्न मात्र त्यांचे एकट्याचे नव्हे. अ. ब. वालावलकरांनी त्यासाठी आयुष्य झिजवले होते, नाथ पैंनी संसदेत आवाज उठवला होता. चाकरमान्याने बोटीने किंवा एसटीने जायचे, गणपतीला पोहोचेपर्यंत अंग आंबून जायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेले. रेल्वेमंत्री म्हणून दंडवत्यांना आपट्याहून रोह्यापर्यंतचा टप्पाच मंजूर करून घेता आला. तो पुरा व्हायलाही १९८६ साल लागले. १९७९ला जनता सरकार कोसळले; जॉर्ज आणि मधु लिमये चरणसिंगांच्या बाजूला गेले, दंडवते जनता पक्षातच राहिले.

दुसरी संधी आली ती १९८९ला, आणि असा योग पुन्हा जुळणे कठीण. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, जे जन्माने मंगळूरचे, म्हणजे नियोजित मार्गाच्या दुसऱ्या टोकाचे. योजना आयोगाचे उपाध्यक्ष कर्नाटकचे रामकृष्ण हेगडे. आणि तिजोरीच्या किल्ल्या राजापूरच्या खासदाराकडे. पैसा हीच खरी अडचण होती. रेल्वेच्या वार्षिक अर्थसंकल्पातून दरवर्षी थेंबथेंब रक्कम मिळाली असती तर रोह्याहून मंगळूर गाठायला आणखी एक पिढी गेली असती. म्हणून जुलै १९९०मध्ये स्वतंत्र महामंडळ काढले. भागभांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. उरलेला पैसा बाजारातून रोखे विकून उभा करायचा. बांधकाम ई. श्रीधरन यांच्याकडे सोपवले. सह्याद्रीच्या उतारावरून ९१ बोगदे काढत, गोव्यातल्या मार्गाच्या वादातून वाट काढत हा सुमारे साडेसातशे किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ला पूर्ण सुरू झाला. श्रेय श्रीधरनांना मिळते आणि ते रास्तच आहे. पण पैशाची ही घडी बसली नसती तर श्रीधरनांना खणायला डोंगर कुठून मिळाला असता?

अर्थमंत्री म्हणून त्यांचे बाकीचे काम इतके निर्विवाद नाही. १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा त्यांनी रद्द केला, तो मोरारजींच्या काळातला. सराफ आणि कारागिरांना छळणारा, चोरट्या आयातीला मात्र रोखू न शकलेला कायदा गेला हे बरेच झाले. दहा हजार रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जाची माफी मात्र वेगळी गोष्ट. निवडणुकीत दिलेले वचन पाळले म्हणून त्यांना दोष देता येत नाही. पण ग्रामीण बँका आणि सहकारी सोसायट्यांच्या वसुलीची सवय त्यानंतर मोडली, ही तक्रार आजही ऐकू येते आणि ती पोकळ नाही. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळले, तेल भडकले, परकीय चलनाची गंगाजळी आटू लागली. नोव्हेंबरात सरकारच पडले. हिशेब चोख ठेवणाऱ्या प्राध्यापकाच्या कारकिर्दीतही तूट आटोक्यात आली नव्हती, हे नोंदवलेच पाहिजे.

आणि १९९१ला राजापूरने त्यांना पाडले. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. कोकण रेल्वे महामंडळ स्थापन होऊन वर्षही लोटले नव्हते. कोकणी माणूस कृतघ्न, असे म्हणून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. दंडवत्यांचा तेव्हाचा पक्ष जनता दल फुटला होता, समाजवाद्यांची गावोगावची फळी म्हातारी झाली होती आणि मुंबईतला चाकरमानी शिवसेनेच्या शाखेत जाऊ लागला होता. गावच्या घरी मत कुठे पडायचे हे ठरवण्यात त्या चाकरमान्याचा वाटा मोठा. रेल्वे तेव्हा कागदावरच होती. पुढे १९९६ला त्याच मतदारसंघातून सेनेचे सुरेश प्रभू निवडून आले. दंडवते त्या वर्षी संयुक्त आघाडीच्या सरकारात योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. तिथली दोन वर्षे आघाडीतल्या ओढाताणीतच गेली.

१२ नोव्हेंबर २००५ला ते मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला दिला. नंतरच्या मतदारसंघ फेररचनेत राजापूर हे नावही लोकसभेच्या यादीतून गेले. आता रत्नागिरी-सिंधुदुर्ग आहे. सुरेश प्रभूही २०१४ला रेल्वेमंत्री झाले आणि कोकण रेल्वेच्या दुपदरीकरणाला त्यांनी हात घातला. त्यातला रोहा ते वीर एवढा पहिला टप्पा २०२१मध्ये पुरा झाला. वीरच्या पुढे रत्नागिरी, राजापूर, सावंतवाडीकडे जाताना गाडी अजून एकाच रुळावर धावते, आणि समोरून दुसरी आली की क्रॉसिंगला थांबते.