सेल नसला तरी चालणारा

निकॉन एफएम२ची रोल ओढायची लिव्हर अंगठ्याने जराशी बाहेर काढली की शटरचं कुलूप निघतं आणि लाइटमीटर जागा होतो. डाव्या डोळ्याने बघणाऱ्याच्या उजव्या डोळ्याला मात्र ती बरोबर टोचते. मी त्यातलाच. हा एक दोष सोडला तर या ५४० ग्रॅमच्या डब्याविषयी माझी तक्रार नाही.

१९८२ साली हा कॅमेरा आला तेव्हा सगळा बाजार इलेक्ट्रॉनिक शटरकडे निघाला होता. निकॉनने इथे शटर पूर्ण यांत्रिक ठेवलं, आणि तरीही वेग दिला सेकंदाचा चार हजारावा भाग. त्यासाठी पडद्यांची पाती हलकी हवी होती आणि ताठही. म्हणून ती टायटॅनियमची केली आणि त्यांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी कोरली. पुढे अॅल्युमिनियमची पाती आली. तळाशी दोन बटनसेल बसतात, ते फक्त मीटरपुरते. ते संपले की आतले लाल दिवे विझतात, उजेडाचा अंदाज आपला आपण करायचा. शटर मात्र सगळ्या वेगांवर चालत राहतं.

याचं कारण आतल्या स्प्रिंगा. लिव्हर ओढली की रोल एक फ्रेम सरकतो आणि स्प्रिंगा ताणल्या जातात. बटण दाबलं की पहिला पडदा सुटतो. दुसरा किती वेळाने सुटायचा ते दातेरी चक्रं ठरवतात. वेग एक सेकंदावर ठेवून कान लावा, चावीच्या खेळण्यासारखी घरघर ऐकू येईल. चार हजारावर तर दोन पडद्यांमधली बारीक फटच तेवढी फिल्मवरून सर्रकन उतरते.

जे फिरतं ते उघडून बघता येतं, आणि बघता येतं ते बहुतेकदा दुरुस्तही होतं. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. अशा बाजारातला मुरलेला कारागीर आवाजावरूनच सांगतो, शटर कुठे अडखळतंय. मागच्या झाकणाच्या कडेचा फोम काही वर्षांनी चिकट होऊन झडतो आणि फोटोंवर उजेडाचे पट्टे येतात. नवी पट्टी चिकटवली की काम झालं. चक्र झिजलं तर दुसऱ्या मेलेल्या एफएम२मधलं काढून बसवतात.

याच्या शेजारी लायकाची गोष्ट ठेवून बघा. १९५४चा लायका एम३ आजही फोटो काढतो. २००९ साली आलेला डिजिटल एम९ही बांधणीत तसाच भक्कम. पण त्याच्या सेन्सरवरच्या काचेला गंज चढू लागला. कंपनीने सेन्सर बदलून दिले, आणि २०२०मध्ये सांगितलं की बदलायला सेन्सरच उरले नाहीत. पितळ, काच, शटर सगळं धडधाकट, पण डोळा गेला तो गेलाच. लिथियमची बॅटरी तर न वापरताही म्हातारी होते. ती बनवणारा कुणी आहे तोवर जुना डिजिटल उत्तम चालतो. २००८च्या निकॉन डी७००वर आजही सुरेख काम करणारे लोक आहेत. शिवाय फाइलची हजारावी प्रत मूळ प्रतीइतकीच स्वच्छ असते. निगेटिव्हचं भाग्य तसं नाही.

आणि फिल्मवाल्यांनी फार छाती फुगवू नये. डिसेंबर १९८४मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांनी हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला, तो एफएम२वर, कोडाक्रोम ६४ या फिल्मवर. जून १९८५च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर तो आला. ही फिल्म कोडॅकने २००९मध्ये बंद केली. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल मॅकरींकडेच आला. छत्तीस फ्रेम. त्यातल्या काही त्यांनी मुंबईत हिंदी सिनेमाच्या कलाकारांवर खर्च केल्या. कोडाक्रोम धुण्याची रसायनं आणि यंत्रं वेगळी असत. ती चालवणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी होती. ३० डिसेंबर २०१०नंतर तिनेही धुण्यासाठी रोल घेणं थांबवलं. आता एखाद्या माळ्यावर न धुतलेला कोडाक्रोम सापडला, तर त्यातून रंग काही परत येत नाहीत. फार तर कृष्णधवल चित्र निघतं.

आपल्याकडे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोलही गेला. कृष्णधवल फिल्मची एक सोय आहे: ती घरच्या मोरीत अंधार करून धुता येते. रंगीत रोलचं तितकं सोपं नाही. तो भरताना खिशाचा विचार करावा लागतो.

माझं मत विचाराल तर नुसता डबा टिकण्याच्या शर्यतीत एफएम२ जिंकतो. रोज त्यावर फोटो काढणं परवडेल का, हा प्रश्न वेगळा आणि त्याचं उत्तर दुकानातल्या रोलच्या किमतीत आहे. निकॉनने २००१मध्ये एफएम२चं उत्पादन थांबवलं. २०२३मध्ये त्याच घडणीचा डिजिटल झेडएफ आणला. दिसतो हुबेहूब थोरल्या भावासारखा, पण बॅटरी काढली की डोळ्यासमोर काळोख.

तुमच्या घरी कपाटात एखादा जुना यांत्रिक कॅमेरा असेल तर यंदा पावसाळ्याआधी एवढं करा. चामड्याच्या केसमधून तो बाहेर काढा, कारण केस ओल धरते आणि लेन्सवर बुरशी चढते. सेल काढून ठेवा, नाहीतर ते फुटून आतली तार खातात. आणि महिन्यातून एकदा, रोल नसला तरी, लिव्हर ओढून प्रत्येक वेगावर शटर उडवा.