वायमारची चौदा वर्षं

फेब्रुवारी १९१९मध्ये जर्मनीची संविधानसभा वायमारला भरली, ती नाइलाजानं. जानेवारीत बर्लिनच्या रस्त्यांवर गोळीबार झाला होता, म्हणून गटे-शिलरचं हे शांत गाव निवडलं गेलं. युद्ध हरलेलं, सम्राट हॉलंडला पळालेला. ह्यूगो प्रॉइस यांच्या मसुद्यातून १८१ कलमांची घटना उभी राहिली आणि ११ ऑगस्टला अध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट यांनी तिच्यावर सही केली.

या घटनेचा शेवट आपल्याला ठाऊक असतो, म्हणून तिनं दिलेलं आपण विसरतो. हा तिच्यावर अन्याय आहे. वीस वर्षांच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला तिनं मत दिलं. तेव्हा ब्रिटनमध्ये तिशीच्या आतल्या बायकांना मत नव्हतं आणि फ्रान्समधल्या बायकांना त्यासाठी १९४४ उजाडावं लागलं. घटना लिहिली जात असतानाच, १९ फेब्रुवारीला, मारी यूखात्स सभागृहात बोलायला उभ्या राहिल्या. जर्मन संसदेत भाषण करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. कामगारांना संघटनेचा हक्क मिळाला, आणि १९२७ साली बेकारी विमाही आला.

दोष सांगताना पहिलं बोट जातं ते प्रमाणशीर प्रतिनिधित्वाकडे. साठ हजार मतांमागे एक जागा, त्यामुळे चिल्लर पक्षांची गर्दी आणि वर्षभरही न टिकणारी मंत्रिमंडळं. यात तथ्य आहे, पण मला हे मुख्य कारण वाटत नाही. जुलै १९३२मध्ये नाझींना ३७ टक्के मतं पडली. पाच टक्क्यांची अट असती तरी ते अडले नसते.

खरी फट कलम ४८मध्ये होती. सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आली, तर अध्यक्षांनी वटहुकूम काढावेत, लष्कर बोलवावं, सात मूलभूत हक्क स्थगित करावेत. तपशील कायद्यानं ठरेल, असं कलमातच म्हटलं होतं. तो कायदा कधी झालाच नाही. तरीही १९२३मध्ये, चलन कागदमोल झालं आणि उठाव सुरू होते तेव्हा, एबर्ट यांनी याच कलमाच्या आधारे प्रजासत्ताक सावरलं. १९२५ साली मात्र त्या खुर्चीत हिंडेनबुर्ग आले. ते राजेशाहीत वाढलेले फील्डमार्शल; संसदेबद्दल त्यांना फारसं प्रेम नव्हतं.

जुलै १९३०मधले दोन दिवस मला फार महत्त्वाचे वाटतात. १६ तारखेला राइशटागनं, म्हणजे संसदेनं, चॅन्सेलर ब्रूनिंग यांचं आर्थिक विधेयक फेटाळलं. त्याच तरतुदी लगोलग वटहुकूम म्हणून लागू झाल्या. वटहुकूम रद्द करायचा अधिकार घटनेनं राइशटागला दिला होता. १८ जुलैला तिनं २३६ विरुद्ध २२२ मतांनी तो वापरला. त्यावर ब्रूनिंग उठले आणि त्यांनी विसर्जनाचा आदेश वाचून दाखवला. कलम ४८वरचा अंकुश अध्यक्षांना विसर्जनाचा अधिकार देणाऱ्या कलम २५नं मोडून काढला. दोन्ही कलमं एकाच माणसाच्या हाती दिली तर असं होऊ शकतं, हे १९१९च्या घटनाकारांनी ओळखायला हवं होतं. सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझी १२ जागांवरून १०७वर गेले.

पुढचा उतार वेगाचा. १९३२ साली संसदेनं पाच कायदे केले आणि अध्यक्षांनी ६६ वटहुकूम काढले. २० जुलैला प्रशियाचं निवडून आलेलं सरकारही याच कलमाखाली हटवलं गेलं. त्यामुळे राइशटागला आग लागल्यावर २८ फेब्रुवारी १९३३ रोजी हक्क स्थगित करताना चॅन्सेलर झालेल्या हिटलरला नवं हत्यार शोधावं लागलं नाही. २३ मार्चला कायदे करण्याचा अधिकार सरकारच्या हवाली झाला तोही मतदानानं. कम्युनिस्ट सदस्यांना सभागृह बंद होतं, दारात नाझींचे पहारे होते. तरीही सोशल डेमोक्रॅट नेते ऑटो वेल्स उठून विरोधात बोलले आणि त्यांच्या पक्षाच्या ९४ सदस्यांनी नकार नोंदवला. बाजूनं ४४४. घटना औपचारिकपणे कधी रद्द झालीच नाही.

१९४९ साली बॉनमध्ये नवी घटना लिहिणाऱ्यांनी पुढचा चॅन्सेलर निवडल्याखेरीज आधीच्याला हटवता येणार नाही, असा नियम केला आणि अध्यक्षांचे हात बांधले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या संविधान सभेत आणीबाणीची कलमं चर्चेला आली, तेव्हा ह. वि. कामत यांनी वायमारचं नाव घेऊन इशारा दिला. कलमं मंजूर झाली. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, ही तरतूद आपल्याकडे १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं आली. तोवर १९७५ होऊन गेलं होतं.